सौजन्याची मजुरी

परदेशी विलासनौकांवरून प्रवास करून परतलेल्या आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत हल्ली एक मत इतके सर्रास ऐकू येते की, त्याला शिष्टसंमत सिद्धान्ताचे रूप येऊ लागले आहे. ते मत असे की, या जहाजांवरील भोजनगृहांत प्रवाशांची जी सरबराई होते ती निव्वळ बतावणी असून, वाढप्यांचे हास्य हे पगारी हास्य, त्यांनी केलेली विचारपूस ही पढवलेली विचारपूस आणि अखेरच्या रात्री निरोप घेताना त्यांच्या डोळ्यांत तरळणारे पाणी हे बक्षिशीच्या लिफाफ्याला उद्देशून तरळलेले पाणी असते. सबब जाणत्या माणसाने त्या अन्नाचा आस्वाद खुशाल घ्यावा, पण त्या आदरातिथ्याला भुलू नये. असे म्हणणारांची बुद्धी तीक्ष्ण आहे, अनुभव प्रत्यक्ष आहे आणि बहुतेकांचा हेतूही निर्मळ आहे, हे मला मान्य आहे. मात्र ज्या श्रमिकाचा कैवार घेतल्याचा आव हे मत आणते, त्याच श्रमिकाच्या पोटावर ते पाय देते, असे माझे म्हणणे असून ते सविस्तर मांडण्याची परवानगी मी वाचकांकडे मागतो.

वाद हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण घेतो, आणि तेही मुद्दाम आक्षेपकांच्या सोयीचे. नाट्य हाच जिचा धंदा, त्या डिस्ने कंपनीची जहाजे घ्या. ‘डिस्ने मॅजिक’ हे त्यांतले पहिले जहाज व्हेनिसजवळच्या मार्गेरा येथील गोदीत बांधले गेले आणि १९९८ च्या जुलैअखेर फ्लोरिडातील पोर्ट कॅनाव्हरल बंदरातून पहिल्या सफरीस निघाले. ‘ड्रीम’ आणि ‘फॅन्टसी’ ही त्याची थोरली दिसणारी धाकटी भावंडे २०११ व २०१२ साली सेवेत आली, आणि त्यानंतर हा ताफा वाढतोच आहे. या जहाजांचा भोंगासुद्धा चित्रपटगीताचे सूर काढतो. बतावणीचा आरोप कुठे शाबीत व्हायचाच असेल, तर तो इथे व्हावा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही, मायदेशाहून आईवडील आले की नातवंडांसह त्यांना अशा एखाद्या जहाजावर नेण्याची चाल पडली आहे, त्यामुळे तिथल्या भोजनगृहांची वर्णने पुण्याठाण्याच्या दिवाणखान्यांतही आता अपरिचित राहिलेली नाहीत.

तिथला शिरस्ता असा. ‘ड्रीम’वर सुमारे ४,००० प्रवासी मावतात आणि त्यांच्या दिमतीस सुमारे १,४५० सेवक असतात. मुख्य भोजनगृहे तीन, प्रत्येकी सुमारे ७०० जणांची. आणि पंगती दोन, एक सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास बसणारी व दुसरी सव्वाआठच्या सुमारास. पाहुणा आज एका दालनात, उद्या दुसऱ्या, परवा तिसऱ्या दालनात जेवतो. परंतु त्याचे वाढपी मात्र बदलत नाहीत, ते त्याच्या मागोमाग दालने बदलतात. पूर्वीच्या जहाजांवर टेबलही कायमचे आणि वाढपीही कायमचा असे. पुढे नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली मन मानेल तिथे, मन मानेल तेव्हा जेवण्याची मुभा दिली, तेव्हा पाहुणा मोकळा झाला खरा, पण रोज रात्री त्याच्यापुढे नवा अनोळखी माणूस उभा राहू लागला. डिस्नेच्या या फिरत्या व्यवस्थेने स्थळाचे नावीन्य आणि माणसाची ओळख अशा दोन्ही गोष्टी पाहुण्याच्या पदरात टाकल्या, ही चतुराई नाकारण्यात अर्थ नाही. पण हीच व्यवस्था वाढप्याच्या बाजूने पाहा. त्याला तीन दालनांच्या वाटा, तीन भटारखान्यांच्या खिडक्या, तीन वेगवेगळ्या भोजनपत्रिकांचे पाठांतर आणि कुठले भांडे कुठल्या कपाटात आहे याचे तीन ठिकाणचे नकाशे डोक्यात बाळगून, त्यावर पुन्हा दोन पंगतींतील अनेक कुटुंबांच्या आवडीनिवडींची फेरिस्त तोंडपाठ ठेवावी लागते. दुसऱ्या रात्री धाकट्या मुलापुढे न मागता दूध येते, थोरलीच्या ताटातील मांसाचे तुकडे आधीच बारीक कापलेले असतात, शेंगदाण्याची बाधा होणाऱ्या गृहस्थाला कोणता पदार्थ वर्ज्य ते त्याने न सांगता कळलेले असते, आणि कांदालसूण न खाणाऱ्या आजीबाईंनी आदल्या रात्री सांगून ठेवले असेल तर पत्रिकेत कुठेही नसलेली डाळ-भाजी त्यांच्यासाठी मुदपाकखान्यातून निघते, कारण तिथे शिजवणारांतही आपल्याकडचे हात असतात. हे सर्व चालू असताना पहिल्या पंगतीला ठराविक वेळी उठवायचे असते, आणि तेही ‘उठा’ असे न म्हणता.

आक्षेपकांचा पहिला शेरा सजावटीवर असतो. जेवायला बसलो की चित्रपट पाहायला, असे ते विचारतात. ज्यांच्या आज्यापणज्यांनी पानाभोवती रांगोळी घातल्यावाचून, पंगतीत श्लोक म्हणवल्यावाचून आणि नव्या जोडप्याकडून नाव घेववल्यावाचून मेजवानी पुरी झाली असे कधी मानले नाही, त्यांनी अन्नाला रंग आणि वाणीची जोड देण्याला पोरखेळ म्हणावे, हे मला थोडे विस्मरणाचे लक्षण वाटते. पण या शेऱ्यात एक आंधळेपणाही आहे. ‘अ‍ॅनिमेटर्स पॅलेट’ नावाचे दालन घ्या. ‘मॅजिक’वर ते प्रथम उघडले तेव्हा जेवण सुरू होताना भिंतींवरची चित्रे केवळ काळीपांढरी असत आणि पदार्थामागून पदार्थ येत गेला तसा त्यांत रंग भरत जाई, इतका की शेवटी वाढप्यांची जाकिटेही रंगीत होत. ‘फॅन्टसी’वर याहून पुढची मजल गाठली गेली: पाहुण्यांनी सुरुवातीला कागदावर काढलेल्या वेड्यावाकड्या बाहुल्या शेवटचा गोड पदार्थ येईतो पडद्यावर नाचू लागतात. पाहणाऱ्याला वाटते, ही यंत्राची करामत. यंत्राची आहेच, पण शेकडो माणसांचे कागद वेळेत गोळा करणे, पडदा उजळण्यापूर्वी शेकडो ताटे उचलली जाणे, आणि त्या क्षणी एकही पाहुणा ‘माझा मासा अजून आला नाही’ म्हणून मान वळवीत नसणे, ही करामत यंत्राची नाही. ती वाढप्याची आहे. प्रयोग यशस्वी झाला की श्रेय चित्रकारांना जाते आणि फसला की तक्रार वाढप्याच्या नावे नोंदवली जाते.

पदार्थांच्या गुणवत्तेविषयी मी आक्षेपकांशी फारसा भांडणार नाही. शेकडो पाने एका वेळी वाढायची म्हटल्यावर अन्न हे यज्ञाचे अन्न होते, घरचे राहत नाही. ज्यांना त्याहून निवडक हवे असेल त्यांच्यासाठी ‘पालो’ आणि ‘रेमी’ ही प्रौढांची भोजनगृहे वेगळा आकार घेऊन उघडी असतात. हा मुद्दा इथेच सोडतो.

खरा आक्षेप हास्यावर आहे, आणि त्याचा सर्वांत समर्थ पुरस्कर्ता आपल्यांतला नसून अमेरिकन आहे. डेव्हिड फॉस्टर वॉलेस या लेखकाला ‘हार्पर्स’ मासिकाने १९९५ साली कॅरिबियन समुद्रातील सात रात्रींच्या विलाससफरीवर धाडले, आणि त्यातून जन्मलेला त्याचा दीर्घ निबंध आज या विषयावरचे जवळजवळ उपनिषद मानला जातो. लाड पुरवण्याचे वचन माणसातील कधीच न भागणाऱ्या बालकाला जागे करते, आणि सद्भावाचा पाया नसलेले धंदेवाईक हास्य पाहणाऱ्याच्या मनात एक प्रकारचा विषाद निर्माण करते, असा त्याच्या प्रतिपादनाचा मथितार्थ आहे. निबंध अप्रतिम आहे. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाशी माझा वादही नाही. पण दुसऱ्याचे काय? त्याच निबंधात आपल्या टेबलाच्या हंगेरियन वाढप्याविषयी हा लेखक जे लिहितो, ते इतक्या जिव्हाळ्याने आणि आदराने लिहितो की, वाचकाला प्रश्न पडावा: या माणसाचे हास्यही त्याच कंपनीने पगारावर नेमलेले होते, मग त्याच्या बाबतीत विषाद कुठे गेला? मला उत्तर साधे दिसते. एकाला आपले काम उत्तम येत होते आणि इतरांना बेताचे येत होते. लेखकाने कौशल्यातील तफावत अनुभवली आणि तिचे नाव अंतःकरणातील तफावत असे ठेवले.

हास्य हे कौशल्य असू शकते, आणि कौशल्य असले म्हणून ते खोटे ठरत नाही, ही गोष्ट मराठी माणसाला तरी पटवून द्यावी लागू नये. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची कन्या निवर्तली, आणि तरीही पडदा ठरल्या वेळी वर गेला व भामिनीच्या भूमिकेत त्यांनी हसावयाचे तिथे हसून दाखवले, ही हकीकत आपण पिढ्यान्‌पिढ्या गहिवरून सांगत आलो आहो; ते हास्य खोटे होते, तिकिटाच्या पैशाला उद्देशून होते, असे म्हणण्याची छाती आजवर कोणाची झालेली नाही. आपल्या रसशास्त्राने तर अभिनवगुप्ताच्या काळापासून निकाल देऊन ठेवला आहे की, रसाचे अधिष्ठान प्रेक्षकाच्या ठायी असते. नटाच्या हृदयात डोकावण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही आणि तशी गरजही नाही. यावर कोणी म्हणेल की, नाटकात प्रेक्षकाला आपण नाटक पाहत आहो हे ठाऊक असते, जहाजावरचा पाहुणा मात्र फसवला जातो. कोण फसतो? माणशी दर रात्री साधारण पंधरा डॉलरच्या घरातील बक्षिशी आपल्या हिशेबात चढणार हे त्याला सफर ठरवतानाच ठाऊक असते, आणि शेवटच्या रात्री लिफाफेही त्याच्याच हाती येतात. जेवताना तो हे विसरतो खरा, पण ते स्वखुशीने विसरणे आहे. नाट्यगृहातील काळोखात आपण सगळेच ते करतो.

आणि पगारी सौजन्य म्हणजे ढोंग, हा नियम फक्त वाढप्यालाच का? पहाटे तीन वाजता रुग्णाच्या उशाशी वाकून धीर देणारी परिचारिका त्या स्वराचा पगार घेते. पहिलीच्या वर्गात रडणाऱ्या पोराला शांत करणारे गुरुजी घेतात. अशिलाची कैफियत तिसऱ्यांदा शांतपणे ऐकणारा वकील तर तासावर घेतो. त्यांच्या सौजन्याला आपण अनुभव म्हणतो, वाढप्याच्या सौजन्याला ढोंग म्हणतो. विमानातील सेविकांच्या हास्याचा अभ्यास करून आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली या भावनिक श्रमाला शास्त्रात स्थान मिळवून दिले, तेव्हा त्यांचा रोख त्या श्रमावर मालकी कोणाची आणि त्याचा भार कोण वाहतो, या प्रश्नावर होता. आमच्या मंडळींनी त्यातून एवढेच उचलले की हसणे खरे नसते. त्याचे कारण माझ्या मते शास्त्रात नसून समाजात आहे. वाढणे या कामाला बुद्धी लागते हे आम्हांला मनातून मान्यच नाही. पंगतीतील वाढप्याची आम्ही जात पाहिली, सोवळे पाहिले. कोणत्या पानावर काय संपत आले आहे हे तीस पानांवरून नजर फिरवून हेरणारी त्याची दृष्टी मात्र कधी पाहिली नाही. ज्याच्याकडे कौशल्य असूच शकत नाही असे आधीच ठरले, त्याने चांगले काम केले तर त्याचा उलगडा दोनच प्रकारे होतो: एक तर त्याचे मन फार मोठे असले पाहिजे, नाहीतर तो लबाड असला पाहिजे.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडेही वळले पाहिजे, कारण ती माझ्या बाजूने साक्ष द्यायला उत्सुक दिसतात आणि त्यांची साक्ष मला नको आहे. ही ती प्रेमळ मंडळी, जी परत येऊन सांगतात की, आमचा वाढपी म्हणजे अगदी घरचा माणूस, शेवटच्या दिवशी मुले त्याच्या गळ्यात पडून रडली, त्याने जे केले ते पैशासाठी केलेच नाही. स्तुतीचा हा प्रकार त्या निंदेहून महाग पडतो. जे पैशासाठी केलेच नाही त्याचे पैसे तरी कशाला द्यायचे? आपल्या घरांत ही युक्ती शतकानुशतके चालत आली आहे. सर्वांना वाढून शेवटी उरलेसुरले घेऊन बसणाऱ्या गृहिणीच्या श्रमाला आपण प्रेम म्हटले, अन्नपूर्णा म्हटले, आणि त्या एका संबोधनावर तिचा सारा मुशाहिरा फेडला. माया खरी नव्हती असे मी म्हणत नाही. मायेचा खरेखोटेपणा ठरवण्याचा खटलाच वेतनाच्या दरबारात चालवू नये, एवढे म्हणतो.

त्या दरबाराची व्यवस्था कशी आहे ते पाहण्यासारखे आहे. ही जहाजे अमेरिकन कंपनीची, निघतात बहुधा अमेरिकन बंदरांतून, प्रवासीही बहुसंख्य अमेरिकन. परंतु त्यांच्या पाठीवर नाव कोरलेले असते ते नासाऊचे, कारण त्यांची नोंदणी बहामाज देशाची. जवळजवळ साऱ्या मोठ्या विलासनौकांची हीच तऱ्हा आहे. परकी निशाण लावलेल्या जहाजावरील परकी खलाशांना अमेरिकेचा कामगार-संबंध कायदा लागू होत नाही, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिला, आणि त्या निवाड्याच्या सावलीत हा धंदा वाढला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार २०१३ साली अमलात आला. भारतानेही तो २०१५ साली मान्य केला. त्याने वाढप्यालाही खलाशाचा दर्जा दिला, ही मोठी गोष्ट झाली; पण चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती व आठवड्यात ७७ तास विश्रांती, किंवा त्याऐवजी आठवड्याला कमाल ७२ तास काम, अशी त्याची मर्यादा आहे. ती सैल आहे की कडक, हे आठवड्याला पाच दिवस कचेरीत बसणाऱ्या आक्षेपकांनीच ठरवावे. या धंद्यात वाढप्याचे मूळ वेतन अल्प ठेवून त्याच्या प्राप्तीचा मोठा हिस्सा बक्षिशीवर सोपवण्याची रीत आहे; म्हणजे नोकरी मालकाची आणि पगार पाहुण्याच्या मर्जीचा. हास्याबद्दल विषादच वाटायचा असेल, तर तो वाटण्याची योग्य जागा हा करारनामा आहे.

आपल्या किनाऱ्याला हे नवे नाही. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर सलूनखात्यातील वाढपी आणि आचारी हे पिढ्यान्‌पिढ्या गोव्याचे असत. तारवटी, म्हणजे खलाशी, म्हणून निघालेला सासष्टी-बार्देशातील तरुण मुंबईत धोबी तलावाच्या किंवा माझगावच्या आसपास आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, ट्रंक ठेवी, आणि जहाज मिळेपर्यंत तिथेच दिवस काढी. साहेबलोक त्याच्यावर खूश असत. गोवेकराचे सौजन्य उपजतच, सेवाभाव त्याच्या रक्तातच, अशी प्रशंसा त्यांच्या तोंडी असे. आणि त्याच वेळी आशियाई खलाशांसाठी असलेल्या वेगळ्या करारान्वये त्याच्या हाती पडणारा तनखा गोऱ्या वाढप्याच्या तनख्याच्या अंशभागाएवढाच असे. या दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या हा योगायोग मी मानत नाही. सौजन्य उपजत ठरले की ते शिकावे लागले नाही असे होते, आणि जे शिकावे लागले नाही त्याचे मोल मागण्याचा हक्क उरत नाही. त्या तारवट्यांना हे आपल्या आजच्या टीकाकारांपेक्षा लवकर उमगले होते. १८९६ साली मुंबईत गोमंतकीय खलाशांनी आपली संस्था उभारली, आणि नॅशनल युनियन ऑफ सीफेरर्स ऑफ इंडिया आपली परंपरा तिच्यापासूनच सांगते. आपले हास्य खरे आहे की नाही, याची चर्चा करण्यासाठी ती माणसे एकत्र जमली नव्हती.

राहता राहिला एक व्यवहारी आक्षेप: बक्षिशीची टांगती तलवार काढली आणि नियमित वेतन दिले की सेवा ढिली पडेल, असा. त्याला अनुभवाचा आधार नाही. सीबोर्न, सिल्व्हरसी, रीजेंट यांसारख्या सर्वांत महाग नौकांवर बक्षिशी भाड्यातच धरलेली असते, आणि तिथल्या सेवेची ख्याती त्यामुळे उणावलेली नाही. गोवेकरांच्या पाठीवर जिची कीर्ती उभी राहिली त्या नावाच्याच ब्रिटिश पी अँड ओ क्रूझेसने २०१९ साली दररोजची वेगळी बक्षिशी बंद करून ती भाड्यात घातली, आणि तिच्या भोजनगृहांत त्यानंतर कोणी उपाशी उठल्याचे ऐकिवात नाही. भाड्यात घातलेली रक्कम वेतनपत्रकावर नीट उतरवून घेणे हे पुढचे काम आहे, आणि ते मालकाकडून करवून घ्यावे लागेल. परंतु पाहुण्याच्या लहरीवाचून ताट उचलले जाणार नाही, ही भीती तरी यापुढे कोणी घालू नये.

तोवर मात्र बहुसंख्य जहाजांवर जुनाच शिरस्ता चालू राहणार, आणि तिथेच या बतावणीच्या सिद्धान्ताचा रोकडा उपयोग दिसून येतो. हिशेबात आपोआप चढलेली बक्षिशी पाहुण्याला कमी करून घेता येते. त्यासाठी पाहुण्यांच्या चौकशीखिडकीशी जाऊन तसे सांगावे लागते, एवढेच. ‘ते हसणे मनापासूनचे नव्हतेच’ हे कारण अशा वेळी फार हाताशी येते, कारण ते खोडून काढता येत नाही. खिडकीतला कारकून बिचारा मुलाहिजा राखून आकडा बदलून देतो, उलटतपासणी करीत बसत नाही. म्हणून ती मी करतो: इतक्या रात्रींत कोणते ताट चुकले, मुलाचे दूध कोणत्या दिवशी विसरले, आणि आजीबाईंच्या डाळीत कांदा कधी सापडला?